हेमीचा चेहरा

वसमत, माघ वद्य ५, शके १८६०

पारूअक्का,

तुझ्या निर्मलेचा नमस्कार, तोही पिवळ्या बोटांचा. कागदाच्या कडेला डाग पडले असतील तर रागावू नकोस. हळद शिजून, वाळून अंगणात आली आहे आणि सकाळपासून माझे हात तिच्यातच आहेत.

मासिकाचा अंक पोचला. दर महिन्याला न चुकता पाठवतेस, त्याचे उपकार किती मानू? इथे निजामाच्या राज्यात शाळेत उर्दू, कचेरीत उर्दू. मराठी छापलेली चार अक्षरं हाती लागली की सण वाटतो. आईबाप गेल्यावर मी मामाकडे, म्हणजे तुमच्या घरी, पुण्याला आले, तेव्हा तू मला मांडीवर पाटी देऊन शिकवलं नसतंस, तर आज वाण्याच्या पुडीचा कागदही मी न वाचता चुरगळून टाकला असता.

आता मजा ऐक. आमच्याकडे हळद निवडायला आठ-दहा बाया येतात. हळकुंडं एका बाजूला, बुडाचे जाड गड्डे एका बाजूला, मोडके तुकडे तिसरीकडे. हात चालतात, पण तोंडं त्याहून जास्त चालतात आणि दुपारपर्यंत कुणाचं तरी भांडण ठरलेलं. म्हणून मी पोत्यावर बसून चंद्रकिरण यांची ती चालू कादंबरी वाचून दाखवायला लागले. भांडणं थांबली. आमच्या घरचे म्हणतात, हल्ली बाया भाकरी खायलासुद्धा उठत नाहीत. स्वतः दाराआड उभं राहून ऐकतात, ते मात्र सांगत नाहीत.

परवा बायांनी नायिकेचं, हेमांगीचं, रंगीत चित्र मागितलं. ते हातोहात फिरलं. भिकाबाई आमच्याकडे वीस वर्षं हळद घासतात, त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं आणि ओरडल्या, "अगं माय, ही तर हळदीतली बाई हाये! हात पाहा की, कोपरापर्यंत पिवळे!" आणि खरंच अक्का, छापताना रंग सरकलाय की काय कोण जाणे, हेमांगीचे दोन्ही हात आमच्यासारखेच आलेत. भिकाबाईंची मुलगी शकू म्हणाली, "म्हंजी आपल्यासारखी कामाची हाये. मला वाटलं व्हतं, नुसती बंगल्यात बसून राहती." सगळ्या इतक्या खूश झाल्या की मला खरं सांगवेना. आता तिचं नाव हेमी पडलंय.

एक विचारू? हे चंद्रकिरण कोण गृहस्थ? त्यांच्या नायिकेने गजरा माळला तरी तिची मान दुखते. अशी बाई आमच्या अंगणात एक दिवस टिकायची नाही. अंक तुझ्या दादाच्याच छापखान्यात छापतात ना? कधी भेटले तर त्यांना एवढं सांग.

तुझी,
निर्मला

~

पुणे, १७ फेब्रुवारी १९३९

चि. सौ. निर्मलेस पुष्कळ आशीर्वाद,

व्यंकटरावांना म्हणावं, दाराआडून पुढे या आणि पोत्यावर बसून ऐका. नवऱ्यांनी गोष्टी ऐकल्या तर काही बिघडत नाही.

चित्राची हकीकत अशी. तीन रंगांचे तीन ठसे एकावर एक बसवतात. त्यातला पिवळा जरासा सरकला आणि साऱ्या प्रती तशाच निघाल्या. दादा दोन दिवस धड जेवला नाही. तेव्हा तुझ्या बायांना खरं काय ते सांगून टाक. हेमांगी केतकीसारखी गोरी आहे. ती हळद निवडत नाही, सतार वाजवते. आणि गजऱ्याने तिची मान दुखते असं लेखकाने कुठेही लिहिलेलं नाही. गजरा उन्हाने कोमेजला म्हणून तिला वाईट वाटलं, एवढंच लिहिलं आहे. वाचताना जरा लक्ष देत जा.

तू म्हणशील, नायिका सगळ्या गोऱ्या अन् नाजूकच का? संपादकांकडे येणारी पत्रं मी पाहिली आहेत. सावळी नायिका कुणीही मागत नाही. बाई कथा वाचते ती घटकाभर स्वतःचा चेहरा विसरायला. तो दाखवायला घरात आरसा असतोच. आता माझंच बघ. वय तीस, धंदा मास्तरणीचा, रंग तव्याचा आणि तोंडभर देवीचे व्रण. माझ्यासारखीची प्रेमकथा कोण वाचेल? मीसुद्धा वाचणार नाही.

हे मी रडत लिहीत नाही, उगाच काळजी करू नकोस. शाळेत मुली फार हुशार आहेत आणि माझं बरं चाललं आहे.

तुझी,
पार्वती

~

वसमत, फाल्गुन शुद्ध ९

अक्का,

तुझं पत्र वाचून आधी हसले आणि मग घाबरले. हसले कशाला, ते शेवटी सांगते.

घाबरले, कारण तू म्हणतेस 'खरं सांगून टाक', आणि ती वेळ केव्हाच निघून गेली आहे. मी तुला सगळं कळवलं नव्हतं. त्या चित्राच्या दिवसापासून मी छापलेलं वाचतच नाही. पहिल्यांदा नुसता रंग गाळला. 'केतकीसारखी गोरी' आलं की मला खोकला यायचा. मग एक दिवस शकूने विचारलं, "वैनी, हेमीला देवी आल्या व्हत्या काय हो?" मी म्हणाले, "हो." ते 'हो' अंकात नव्हतं, अक्का. पण एकदा म्हटलं आणि मग दर पानाला ते निभवावं लागलं. आता आमची हेमी काळी आहे, तोंडावर व्रण आहेत, खदखदून हसते, आणि त्या बंगल्यातल्या तरुणाने तिच्या सतारीवर नाही तर तिच्या बोलण्यावर जीव टाकला आहे. सतार मी काढूनच टाकली. तिचं काय करतात ते इथे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शकूबद्दल तुला सांगायला हवं. अठरा वर्षांची आहे. तिसऱ्या वर्षी देवी आल्या, त्यात चेहरा सगळा भरला आणि डावी भुवई अर्धी गेली. बोलताना पदर तोंडावर. तीन ठिकाणचे पाहून गेले, तिसरे तर पाणीही न पिता उठले. पण गेल्या पंधरा दिवसांत तिचा पदर खांद्यावर आला आहे. मी कुणाला काही बोलले नाही, तिने आपणच खाली घेतला. हेमीचं वाचन चाललं असताना ती सगळ्यांपुढे तोंड उघडं टाकून हसते. ते पाहिलं की मी केलेल्या लबाडीची लाज वाटायची थांबते.

आता खरी अडचण. आमच्या इकडच्या गोरेगावहून चौथं स्थळ येतंय. मुलाचं नाव सोनाजी, बाप नाही, आई नानीबाई आणि चार एकर जमीन. पाहायला चैत्र शुद्ध पंचमीला येणार. आणि भिकाबाईंनी ठरवलंय की शकूऐवजी दिराची मुलगी आशा दाखवायची आणि लग्नाला शकूला उभं करायचं. आशा गोरी आहे, दिसायला छान आहे. लग्नात मुंडावळ्या, पुढे अंतरपाट. "अंतरपाट खाली येईपस्तोर कोन पाहातं, वैनी? एकदा माळ पडली की पडली." आशाला नेसवायला त्या माझी हिरवी साडी मागायला आल्या होत्या. मी उद्या देते म्हणून सांगितलं. ती अजून पेटीतून काढलेली नाही.

संध्याकाळी शकू एकटीच मागे राहिली. म्हणाली, "वैनी, हेमीला पाहायला लोक आले म्हंजी ती काय करती? दुसरीला बसवती, का सोता बसती?"

मी म्हटलं, पुढच्या अंकात येईल. ती मान हलवून गेली. अक्का, ती खरोखर वाट पाहतेय. हेमी जे करेल तेच ती करणार. म्हणून हात जोडून विचारते, चंद्रकिरणांना गाठ आणि पुढे काय होतं ते मला कळव.

आणि हसले ते यासाठी, की त्या गृहस्थांची बाजू तू फारच तावातावाने घेतलीस! काय भानगड आहे ते सांग बरं. लग्नाचं जमत असेल तर मामांना समजवायला मी येते.

तुझी,
निर्मला

~

पुणे, ८ मार्च १९३९

निर्मला,

लेखकाच्या शब्दांना हात लावायचा अधिकार तुला कुणी दिला? खोकला येतो म्हणे! सतार काढून टाकली म्हणे! एकेका वाक्यासाठी माणूस किती वेळा कागद फाडतो, याची तुला कल्पना नाही.

चंद्रकिरणांशी माझं लग्न होण्याचा मुळीच संभव नाही. तो विषय इथे बंद कर.

पुढचा अंक सोबत पाठवते. शकूच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. तिला ते आवडणार नाही आणि तुला तर नाहीच नाही. ते प्रकरण दोन महिन्यांपूर्वी लिहून झालं होतं, आता बदलता येत नाही. वाचून तुला काय वाटलं ते लिही. नाही लिहिलंस तरी मी समजेन.

एकच विचारायचं आहे. हेमांगीचा चेहरा तू काढून टाकलास, मग त्या जागी कुणाचा बसवलास? चेहरे हवेतून येत नाहीत, हे मला चांगलं माहीत आहे.

पार्वती

~

वसमत, चैत्र शुद्ध २, शके १८६१

अक्का,

अंक पाडव्याच्या आदल्या दिवशी आला. आधी मी एकटीने वाचला.

हेमांगीला एक थोरली बहीण आहे. काळीसावळी, व्रणांची. आख्ख्या कादंबरीत तिला नावसुद्धा नाही, नुसती 'थोरली'. तिला पाहायला लोक येतात, तेव्हा आई तिची निळी साडी धाकटीला नेसवते आणि पानाचं तबक देऊन पुढे पाठवते. साडीच्या पदराला इस्त्रीतल्या ठिणगीने पडलेलं भोक असतं, ते कमरेला खोचून लपवतात. पाहुण्यांना धाकटी पसंत पडते. थोरली चुलीपाशी उतू गेलेलं दूध पुसत बसते आणि लेखक लिहितो की तीही सुखी झाली.

ते भोक जगात तिघींनाच माहीत होतं. मामी गेल्या. मी तर लिहिलं नाही. मग चंद्रकिरण कोण, हे मला त्या ओळीवरच कळलं. तुझ्या लग्नावरून केलेली थट्टा आठवली आणि तोंड कुठे लपवू असं झालं.

अक्का, आज मी खरं लिहिते. गेली अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की मला काही ठाऊक नव्हतं. मी पंधरा वर्षांची होते, मामी म्हणाल्या साडी नेस, मी नेसले. पण मला ठाऊक होतं. वसमतचे लोक तुला पाहायला आलेत, हे मला ठाऊक होतं. तू दाराआड उभी होतीस तेही मला दिसलं होतं. तरी मी तबक घेऊन पुढे गेले, कारण आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे कुणी तरी नीट पाहणार होतं आणि मला ते हवंहवंसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सगळं फुटलं, तेव्हा सासरे म्हणाले, "दाखवली तीच द्या," आणि मामांनी मला दिली. लग्नात माझे केस तू विंचरलेस. त्यावर एक शब्द तू कधी बोलली नाहीस आणि मीही नाही. ह्यांचा स्वभाव चांगला, माझा संसार चांगला झाला, आणि हे सगळं तुझ्या साडीत उभं राहून मिळालं.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. हेमीला मी तुझा चेहरा दिला.

ती हसली की डावा गाल आत जातो. चिडली की नाकपुड्या फुगतात. शिकवायला बसली की पदर कमरेला बांधते. घरात नऊ वर्षांची पोरकी मुलगी येते तेव्हा आपल्या ताटातली भाकरी मोडून अर्धी तिला देते. मी काही मुद्दाम ठरवलं नव्हतं. शकूला 'हो' म्हणाले आणि समोर तूच आलीस. माझ्याजवळ दुसरी नायिका नाहीच.

आज बाया निवडायला बसल्यावर मी पहिल्यांदा जसं छापलंय तसं वाचलं. एक अक्षर बदललं नाही. भिकाबाई मान खाली घालून गड्डे चाळवत राहिल्या. शकू म्हणाली, "वैनी, ही हेमी न्हाई." मग मी सगळं सांगितलं. अंकातली हेमांगी गोरी आहे, हात छापखान्यातल्या चुकीने पिवळे झाले, बाकीचं मी पदरचं घातलं. वाटलं, आता ह्या उठून जातील. कुणी उठलं नाही.

शकूने विचारलं, "मंग तुमी सांगत व्हता ती लटकीच का?"

"नाही. ती आहे. पुण्याला असते. माझी बहीण."

"तिला देवी आल्यात?"

"हो."

"अन् ती तोंड झाकती?"

"कधीच नाही."

शकूने हातातलं हळकुंड ढिगावर टाकलं. मग आईकडे न बघता म्हणाली, "आये, आशाला साडी मागू नको. मी सोता बसते." भिकाबाईंनी सूप आपटलं. मला म्हणाल्या, "पुस्तकं वाचून माझी पोरगी बिघडवली तुमी. चौथ्यांदा न्हाई म्हनले तर कोन करीन तिला?"

पंचमी तीन दिवसांवर आली आहे. मी चांगलं केलं की वाईट, मला कळत नाही. माझ्यावर राग धर, पण शकूसाठी नागनाथाला एक नमस्कार कर.

निर्मला

~

पुणे, ३० मार्च १९३९

माझी निर्मला,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

रागावले होते. ते आधी लिहून टाकते. तुझ्या लग्नानंतर पहिली तीन वर्षं मी तुझ्यावर मनातून रागावले होते आणि तुझी पत्रं दोन-दोन दिवस उघडत नव्हते. पण तू पंधरा वर्षांची होतीस. मी एकोणीस. मी दाराआडून बाहेर येऊन 'मी पार्वती' असं म्हणू शकले असते. म्हणाले नाही. मला वाटलं, आई बरोबरच करते आहे. माझ्या चेहऱ्याने हे घडणार नाही, तर तुझ्या चेहऱ्याने घडू दे. तुझ्याहून मोठी चूक माझी होती, की मी आईशी सहमत झाले.

त्यानंतर आठ जण पाहून गेले. तुझ्या सासरचा धरून त्या नऊ नकारांनंतर मी गोष्टी लिहायला लागले आणि नाव घेतलं चंद्रकिरण. शकूला तू सांगितलंस की मी तोंड कधी झाकत नाही. ते खरं नव्हे गं. मी ते एका पुरुषाच्या नावामागे झाकलं होतं.

आणि आता तूही ऐक. हेमांगी म्हणजे तू. केतकीचा रंग तुझा, कोमेजलेल्या गजऱ्याने वाईट वाटून घेणं तुझं. सतार तेवढी माझी, मला शिकायची होती. प्रत्येक कादंबरीत मी तुझाच चेहरा लिहीत आले, कारण प्रेम अशाच चेहऱ्यावर जडतं असं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि तू तिकडे पोत्यावर बसून तो चेहरा पुसलास आणि माझा काढलास! तुझं पत्र वाचून मी हसायला लागले ते थांबेना. वहिनी विचारायला आली, काय झालं म्हणून. मग रडू आलं, ते तिने विचारलं नाही.

निर्मला, जो चेहरा नऊ घरांनी परत पाठवला, तो तू दहा बायांमध्ये नेऊन बसवलास आणि त्यांनी तो ठेवून घेतला. भाकरी मोडून दिलेली मला आठवतही नव्हती. तुला आठवली. तुझे आभार कसे मानायचे, ते माझ्यासारख्या लिहिणारीलाही सुचत नाही. आज सकाळी आरशापुढे मुद्दाम उभी राहून हसले आणि पाहिलं. डावा गाल खरंच आत जातो. तीस वर्षांत मी तो पाहिला नव्हता, कारण व्रणांपाशीच माझी नजर थांबायची.

पंचमी होऊन गेली असेल. मी इथून नागनाथाला रोज हात जोडते आहे. जे झालं असेल ते लगेच कळव. नकार आला असेल तरी कळव. आणि शकूला सांग, मी दाराआड उभी राहिले आणि ती राहिली नाही. वयाने मी मोठी, पण या कथेत थोरली तीच आहे.

तुझी,
पार्वती

~

वसमत, चैत्र वद्य ६

अक्का,

तुझं पत्र मी शकूला वाचून दाखवलं. यावेळी एकदाही खोकले नाही.

पंचमीची हकीकत अशी. भिकाबाईंनी चिंच आणि ताक घेऊन शकूचे हात पहाटेपासून घासले, तरी नखांतला पिवळा रंग गेला नाही. शकू तोंड उघडं ठेवून आली आणि पाटावर बसली. सोनाजीचा चुलता नानीबाईंच्या कानाशी काही तरी पुटपुटला. भिकाबाई दाराशी डोळे मिटून उभ्या. मला वाटलं, संपलं.

मग सोनाजीनेच विचारलं, "तुला काही पुसायचंय का?" शकू म्हणाली, "माझं तोंड नीट पाहिलं का? मागून म्हनू नका, दाखवलं न्हाई." तो म्हणाला, "पाहिलं." शकू म्हणाली, "मंग मी बी तुमचं पाहाते." आणि खरोखर मान वर करून पाहिलं! चुलता खोकायला लागला. नानीबाईंनी तिला जवळ बोलावलं, तिचे हात उलटेपालटे केले आणि ओच्यातून एक हळकुंड काढलं. त्यांनी यंदा पहिल्यांदाच हळद लावली होती, ती काळी पडली होती. "ही काहून अशी झाली, सांग बरं." शकूने ते मोडलं, वास घेतला. "जास्ती शिजवली, अन् ओली असतानाच पोत्यात भरली." सोनाजीला हसू आवरेना. म्हणाला, "आये, मी तुला हेच सांगून राहिलो व्हतो."

तरीही ते उत्तर न देताच गेले. चार दिवस निरोप नाही. मी सारखी दारापर्यंत जाऊन वाटेकडे बघत होते. शकू मात्र गाणी म्हणत हळद निवडत होती. शेवटी मीच तिला विचारलं, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, "वाटती की, वैनी. पर न्हाई म्हनले तर मला म्हनतीन. आशाला पाहून व्हय म्हनले असते, तर ते माझं कुठं व्हतं?"

पाचव्या दिवशी होकार आला. वैशाखात, वद्य पक्षात लग्न. भिकाबाई माझ्याकडे आल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या. हिरवी साडी मी शकूला दिली आहे.

आता खालचं शकूने सांगितलं तसं लिहिते, शब्द तिचे आहेत:

"पुन्याच्या हेमीबाईला शकूचा रामराम. तुमी मला पाहिलं न्हाई, पर मी तुमच्यावानी हसायला शिकले. तुमचे लई उपकार झाले. माझ्या लग्नाला तुमी यायचंच. आमी साऱ्या बाया तुमची वाट पाहून राहिलो. आमाला हेमी पाहायची हाये. येताना तोंडाला पावडर-बिवडर लावू नका, मंग आमी वळखनार कशा?"

अक्का, ये. अकरा वर्षांत तू माझं घर पाहिलं नाहीस आणि का पाहिलं नाहीस ते मी कधी विचारलं नाही. आता विचारायचं काही उरलं नाही. नुसती ये.

निर्मला

~

पुणे, २० एप्रिल १९३९

निर्मला,

शाळेला सुट्टी लागते आहे. मनमाडवरून येते, पूर्णेला गाडी बदलून वसमतला लग्नाच्या तीन दिवस आधी उतरते. व्यंकटरावांना म्हणावं, मेहुणी येते आहे, बैलगाडीत गवत जास्त घाला.

थोरलीला नाव दिलं. पार्वती. पुढच्या प्रकरणात ती चुलीपासून उठून ओसरीवर येते. संपादक म्हणाले, वाचक तुटतील, आणि त्यात चंद्रकिरण काढून बाईचं नाव घातलंत तर उरलेलेही तुटतील. मी म्हटलं, घाला. वसमतला माझ्या दहा वाचक बाया आहेत आणि त्या भाकरी खायलासुद्धा उठत नाहीत. ते हसले आणि 'एक प्रकरण बघू' म्हणाले. एक तर एक.

तुझे आणि शकूचे उपकार मानायला प्रत्यक्षच येते. म्हणजे मला पाहायला दहा जणी बसणार तर! आठ वेळा बसले आहे, पण इतकी छाती कधी धडधडली नव्हती. आई गेली त्यानंतर ती निळी साडी तिच्या पेटीत सापडली. अजून धड आहे. तीच नेसून येते आणि पदर खोचणार नाही, भोक दिसू दे. स्टेशनवर खूण म्हणून तेवढं पुरे. चेहरा तर तुम्ही सगळ्या ओळखताच.

तुझी अक्का,
पार्वती